आगीने घडवलेला ढग : फोटोत येते ते आणि फोटोबाहेर राहते ते

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर वणवा पेटला. ४ जुलैला वीज पडून लागलेल्या या आगीला ‘ड्रॅगन ब्राव्हो’ असे नाव मिळाले. दरीचा दक्षिण कडा पर्यटकांसाठी खुलाच होता. तिथून पलीकडे पाहिले की धुराच्या खांबावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग दिवसेंदिवस उभा राहिलेला दिसे. त्याचे असंख्य फोटो जगभर फिरले. आपल्यातल्या अनेकांची मुले-नातवंडे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत, त्यामुळे असे फोटो आपल्या कौटुंबिक ग्रुपवरही येतात. आपण ‘अप्रतिम!’ लिहितो आणि पुढे पाठवतो. या ढगाकडे आणि त्याच्या फोटोकडे थोडे थांबून पाहावे, म्हणून हे टिपण.

आधी ढगाविषयी. वणव्याची प्रचंड उष्णता हवेला वेगाने वर ढकलते. वर जाताना ती हवा थंड होते आणि तिच्यातली वाफ धुराच्या कणांवर जमून थेंब बनतात. म्हणून खाली तपकिरी धूर आणि वर लख्ख पांढरा ढग असे दृश्य दिसते. शास्त्रज्ञ याला ‘पायरोक्युम्युलस’ म्हणतात. जागतिक हवामान संघटनेने २०१७ च्या आपल्या मेघसंग्रहात अशा ढगांना ‘फ्लॅमाजेनिटस’ हे नाव दिले. आग फारच तीव्र असेल तर हा ढग वाढत जाऊन गडगडाटी वादळाचे रूप घेतो. मग त्यातून विजा पडतात. पाऊस मात्र फारसा पडत नाही. धुराच्या अगणित कणांमुळे थेंब बारीकच राहतात, आणि जे खाली येतात तेही बऱ्याचदा वाटेतच सुकून जातात. म्हणजे पाण्याविना वीज, आणि त्या विजेने नवी आग.

खरा धोका वाऱ्याचा आहे. असा ढग भोवतालची हवा आगीकडे ओढून घेतो, आणि त्याचा जोर ओसरला की तीच हवा खाली कोसळून चहूकडे पसरते. एका दिशेने सरकणारी आग मग क्षणात कुठेही वळू शकते. जून २०१७ मध्ये पोर्तुगालच्या पेद्रोगाओ ग्रांदे भागातील वणव्यात ६६ माणसे गेली. त्यांतली बरीचशी गाडीतून पळताना रस्त्यावरच अडकली होती. धुराच्या खांबातून कोसळलेल्या वाऱ्याने त्या संध्याकाळी आग भडकवली, असे नंतरच्या तपासात मांडले गेले. म्हणून आग विझवणाऱ्यांसाठी हा ढग माघार घेण्याची सूचना असतो. दुरून जे भव्य दिसते, ते खालच्या माणसाला ‘आता इथून निघा’ असे सांगत असते.

एकाच आगीचे दोन फोटो शेजारी ठेवले की हे अंतर नीट कळते. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात ‘क्रीक’ नावाची आग लागली. तिच्यावरचा ढग सुमारे १५ किलोमीटर उंच गेला. विमानातून आणि दूरच्या गावांतून टिपलेले त्याचे फोटो खरोखर थक्क करणारे आहेत. त्याच आगीत मॅमथ पूल जलाशयाकाठी सुट्टीसाठी आलेल्या लोकांचे सगळे रस्ते बंद झाले. दोनशेहून अधिक माणसांना रात्री नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी धुरातून बाहेर काढले. हेलिकॉप्टरच्या जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या त्या माणसांचा फोटोही प्रसिद्ध झाला. पहिल्या फोटोत एकही माणूस नाही. दुसऱ्यात आकाश नाही. पहिला आपल्यापर्यंत जास्त वेळा पोहोचतो, आणि आपली समजूत त्यावरच बनते.

मग असे फोटो काढूच नयेत का? आम्हाला तसे वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील वणव्यावर ‘नासा’चे संशोधन विमान घिरट्या घालत होते. मावळत्या उन्हात धुरामागून उजळलेल्या ढगाचा, शास्त्रज्ञ डेव्हिड पीटरसन यांनी त्या विमानातून काढलेला फोटो आजही या विषयावर बोलताना दाखवला जातो. तो देखणा आहे आणि उपयोगाचाही. जमिनीवरून काढलेला साधा फोटोसुद्धा वेळ, जागा आणि दिशा यांच्या नोंदीसह असेल, तर ढग किती वेगाने वाढला याचा पुरावा ठरू शकतो.

अट एकच. फोटो खरा असावा आणि कोणाच्या जिवावर काढलेला नसावा.

खरेपणाचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ९ सप्टेंबर २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले, तेव्हा अनेकांच्या मोबाइलने तो रंग ‘चूक’ समजून आपोआप राखाडी करून टाकला. डोळ्याला दिसत होते एक, फोटोत आले दुसरे. अशा वेळी कॅमेऱ्याची रंगाची स्वयंचलित जुळवणी बंद करून ती उन्हाच्या प्रकाशासाठीच्या सेटिंगवर ठेवावी, ढगाच्या पांढऱ्या भागानुसार प्रकाश मोजावा आणि नंतर रंग भडक करू नयेत.

सुरक्षेच्या बाबतीत नियम स्पष्ट हवेत. लांब पल्ल्याची लेन्स वापरा, जवळ जाऊ नका. रिकामे करायला सांगितलेल्या भागात थांबू नका आणि बाहेर पडण्याच्या रस्त्यावर गाडी उभी करू नका. ड्रोन तर मुळीच नको. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाला एका ड्रोनची धडक बसली. विमानाच्या पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी ते जमिनीवर ठेवावे लागले. परदेशात असलेल्या आपल्या मुलांना फोनवर एवढे जरूर सांगावे.

एक मुद्दा आपल्या जवळचा. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले. ते विझवायला हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. आपल्याकडचे वणवे बहुतेक जमिनीलगत पसरतात. पालापाचोळा, गवत, कोवळी रोपे जळतात. त्यावर असा उत्तुंग ढग सहसा उभा राहत नाही. त्यामुळे जगभर फिरणारा फोटो नाही, आणि बातमी चार दिवसांत मागे पडते. नुकसान मात्र होतेच.

कॅनडात २०२३ च्या एकाच हंगामात असे १४० हून अधिक वादळी ढग नोंदले गेले. उपग्रहांनी ही नोंद पद्धतशीर ठेवायला लागून फार वर्षे झालेली नाहीत, म्हणून एका वर्षावरून मोठा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण वाढती उष्णता आणि वाळलेली जंगले पाहता असे फोटो यापुढेही येत राहतील.

ग्रँड कॅन्यनच्या आगीत १२ जुलैच्या रात्री उत्तर कड्यावरचे जुने, ऐतिहासिक ‘ग्रँड कॅन्यन लॉज’ जळून गेले. आग सुमारे १ लाख ४५ हजार एकरांवर पसरली. सुरुवातीला ती लगेच न विझवता आटोक्यात ठेवून जळू देण्याचा निर्णय योग्य होता का, याच्या चौकशीची मागणी तिथल्या राज्यपालांनी केली. ढगाच्या फोटोत यातले काहीच दिसत नाही. तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो आला की ‘अप्रतिम’ लिहिण्याआधी आपण एवढेच विचारू या : हे कुठले, कधीचे, आणि खाली माणसे सुखरूप आहेत ना?