गॅस कारखान्याला, मग खत कोणाला?



नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या खाद्यकारखान्यांत साली, पीठ, नासका माल उरतो. हवाबंद टाकीत जिवाणू त्याचा गॅस करतात. खाडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'निसर्गऋण' संयंत्र अशाच ओल्या कचऱ्यासाठी आहे. उत्तम! पण गॅसमधून जातो मुख्यतः कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत उरतात, आणि ते शेतातूनच गेलेले असतात. ज्वारीचा भाव ठरवताना ते कोणी मोजले?

केंद्राने २०२३ साली अशा खताला टनामागे १५०० रुपये मदत जाहीर केली, तीही विकणाऱ्याला. यवतमाळ सहाशे किलोमीटरच्याही पुढे. ती ट्रकभाड्यातच जिरेल.

कारखान्याने गॅस खुशाल जाळावा. वाळवलेले खत मात्र कपाशीच्या बांधावर पोच हवे, भाडे त्यांचे. जिल्हा बैठकीत आम्ही हीच मागणी मांडणार आहोत.