हवेवरची जांबोरी : कुणकेश्वर पंचक्रोशीतील शाळा, पालक आणि हॅम रेडिओचालकांना जाहीर आवाहन

‘जांबोरी ऑन द एअर’ आणि ‘जांबोरी ऑन द इंटरनेट’ हा स्काऊट-गाईडांचा जागतिक मेळावा दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरतो. त्यासाठी मैदान लागत नाही, तंबू लागत नाहीत, रेल्वेचे आरक्षणही लागत नाही. बिनतारी संच किंवा इंटरनेट यांच्या आधारे देशोदेशीची लाखो मुले शनिवार-रविवारी एकमेकांशी बोलतात. कुणकेश्वर, मिठमुंबरी, कातवण, तांबळडेग, मिठबाव या किनाऱ्यावरच्या शाळांनी आपल्या पथकांसह या मेळाव्यात उतरावे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सहभाग देवगड तालुक्यातून उभा राहावा, यासाठी हे आवाहन आहे.

या मेळाव्याचे मूळ 1957 मध्ये आहे. स्काऊट चळवळीला पन्नास वर्षे झाली म्हणून इंग्लंडमधील सटन पार्क येथे मोठी जांबोरी भरली होती. तेथे हौशी म्हणजेच ‘हॅम’ रेडिओचालकांनी केंद्र चालवले. त्यांतले एक लेस मिचेल यांनी दरवर्षी असे हवेवर भेटण्याची कल्पना मांडली आणि मे 1958 मध्ये पहिली ‘हवेवरची जांबोरी’ झाली. पुढे ती ऑक्टोबरात आली आणि 1990 च्या दशकात तिला इंटरनेटची जोड मिळाली.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय जांबोऱ्या मोठ्या थाटाने होतात. जानेवारी 2023 मध्ये राजस्थानातील पाली जिल्ह्यात रोहट येथे आणि 2025 च्या सुरुवातीला तमिळनाडूतील मणप्पराई येथे असे मेळावे झाले. परंतु कोकणातल्या लहान हायस्कुलातून तिथवर जाणे मोजक्याच मुलांना जमते. प्रवास, गणवेश, शिधा, सोबतचे शिक्षक आणि बुडणारी शाळा या सगळ्याचा हिशेब घालता घालता बहुतेक नावे गळतात. हवेवरच्या जांबोरीत मात्र एका केंद्रावर चार गावांची मुले पाळीपाळीने बसू शकतात. म्हणूनच आडगावच्या पथकाला हा मेळावा सर्वांत जवळचा आहे.

या किनाऱ्याला बिनतारी संदेशाची गरज किती आहे, हे मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने दाखवले. वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, माड-आंबे आडवे झाले, विजेचे खांब कोसळले, कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली आणि मोबाईलही मुके झाले. अशा वेळी चालतो तो बॅटरीवरचा रेडिओ. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीच्या वेळी हॅम रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचा संपर्क तुटताच त्यांनी आपले केंद्र मदतकार्याला जुंपले. महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या यात्रेत लाखो भाविक येतात. तिथेही स्पष्ट आणि थोडक्यात निरोप देणारी तरुण मुले हाताशी असणे मोलाचे आहे. ही सवय ऐन संकटात लागत नाही, ती अगोदरच अंगी मुरावी लागते.

केंद्र उभारणे हे स्काऊटांच्याच हातचे काम आहे. 40 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी लागणारी साधी द्विध्रुव अँटेना म्हणजे सुमारे 20 मीटर लांबीची तांब्याची तार. ती मधोमध तोडून तिथल्या दोन्ही टोकांना केबल जोडायची आणि दोन माडांमध्ये उंचावर ताणायची. तार ताणायला बोलाइन आणि क्लोव्ह हिच याच गाठी लागतात, आणि त्या शिकलेल्या मुलांना त्यांचा खरा उपयोग तिथे कळतो. शंभर वॅटचा संच मोटारीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालतो. मात्र तार महावितरणच्या वाहिन्यांपासून बरीच लांब असावी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. गडगडाट ऐकू येताच अँटेना संचापासून सोडवावी आणि मुलांना पक्क्या इमारतीत न्यावे. यात कसलीही तडजोड करू नये.

20 मीटर पट्ट्यावर 14.290 मेगाहर्ट्झ ही स्काऊटांची ठरलेली हाक देण्याची जागा आहे. दुपारपासून रात्री आठ-नऊपर्यंत या पट्ट्यावर युरोपकडचे आवाज साधारणपणे चांगले येतात, तर दिवसा देशातल्या केंद्रांसाठी 40 मीटर पट्टा सोयीचा पडतो. ‘सीक्यू जांबोरी’ अशी हाक दिली जाते. उत्तर आले की आवाज कसा पोचतो हे सांगायचे, मग नाव आणि गाव. गावाचे नाव समोरच्याला नीट लिहून घेता यावे म्हणून अक्षरे फोडून सांगतात : किलो, युनिफॉर्म, नोव्हेंबर, किलो, एको, सिएरा, हॉटेल, व्हिस्की, अल्फा, रोमिओ. पाचवी-सहावीतल्या मुलीने हे न अडखळता म्हणावे आणि दूरदेशीच्या केंद्राने ‘कुणकेश्वर’ जसेच्या तसे परत उच्चारावे, यात तिला मिळणारा आत्मविश्वास वर्गातल्या बाकावर सहसा मिळत नाही. बोलणे झाल्यावर त्याची नोंद वहीत होते आणि दोन्ही केंद्रे एकमेकांना पोचपावतीची कार्डे पाठवतात. समुद्राकाठच्या मंदिराचे चित्र असलेले असे कार्ड पथकातल्या मुलांनीच रंगवावे.

कायद्याची बाजू काटेकोर आहे. हॅम केंद्र भारत सरकारच्या परवान्याशिवाय चालवता येत नाही. परवानाधारकाने प्रत्यक्ष हजर असावे, मुलांनी काय आणि किती बोलायचे हे त्यानेच नियमांनुसार ठरवावे आणि राजकारण, व्यापार यांचा विषय येऊ देऊ नये. मच्छीमार नौकांवरचे व्हीएचएफ संच या मेळाव्यासाठी मुळीच वापरू नयेत. त्या वाहिन्या समुद्रावरच्या माणसांच्या जिवासाठी राखलेल्या आहेत. मुलांना स्वतःचा परवाना हवा असल्यास वयाची 12 वर्षे पूर्ण झाल्यावर परीक्षा देता येते. रेडिओचे तंत्र आणि नियम असे तिचे दोन भाग आहेत, आणि परवान्याच्या खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही.

ज्या शाळेला हॅम केंद्र मिळणार नाही, तिने संगणक कक्षातून इंटरनेटच्या जांबोरीत यावे. नोंदणी जागतिक स्काऊट संघटनेच्या संकेतस्थळावर होते. मुलांनी पूर्ण पत्ता, मोबाईल क्रमांक, शाळेची वेळ किंवा घरचे फोटो कोणालाही देऊ नयेत. स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन पूर्ण वेळ कक्षात असावेत. त्याबाबत संघटनेने तयार केलेला ऑनलाइन सुरक्षेचा पाठ मुलांकडून आधी करून घ्यावा.

हे दिवस भातकापणीचे असतात, घरोघरी हात कमी पडतात. म्हणून पाळ्या दोन-दोन तासांच्या ठेवाव्यात आणि पालकांनी मुलांना, विशेषतः मुलींना, निदान एका पाळीसाठी मोकळे करावे. संध्याकाळची पाळी संपल्यावर मुलांना घरी पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे शाळेने पालकसभेतच ठरवावे. मुख्याध्यापकांनी गणेशोत्सवाच्या सुटीनंतर लगेच पथकांची नावे जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयाकडे द्यावीत. पथक नसलेल्या शाळांनी याच निमित्ताने ते सुरू करावे.

कोकणातल्या अनेक घरांत नौदलातून किंवा व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर मोर्स ऐकला, बिनतारी संच हाताळले. त्यांनी आणि जिल्ह्यातील परवानाधारक हॅमनी ऑक्टोबरची वाट न पाहता जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे आणि आठवड्यातला एक तास या मुलांना द्यावा, ही नम्र विनंती.