लेणी वाचायला शिकवणारी पदवी घ्या!

बारावीनंतर इतिहास घेतो म्हणणाऱ्या मुलाला घरचे आणि शेजारचे सारेच वेड्यात काढतात. आम्ही मात्र अशा मुलामुलींचे स्वागत करतो. रविवारी कार्ले, जुन्नर, कान्हेरीची लेणी पाहायला जाणारी, वहीत ब्राह्मी अक्षरे गिरवणारी तरुण पिढी आज समाजात उभी राहिली आहे. तिला लेण्यांचाच अभ्यास करायचा आहे. पण प्रवेश घेताना ही मुले जवळचे कॉलेज पाहतात, मित्र कुठे गेला ते पाहतात आणि 'बी.ए. इतिहास' लिहून मोकळी होतात. तीन वर्षांनी पदवी हाती येते, पण शिलालेखाची एक ओळ वाचता येत नाही!

यात नुकसान कोणाचे? नाशिकच्या लेण्यांना आजही सर्रास 'पांडवलेणी' म्हटले जाते. तिथल्या प्राकृत लेखात मात्र डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी असे कोरलेले आहे आणि दान भिक्खुसंघाला दिलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. कष्टकऱ्यांचा हा इतिहास दगडावर लिहिलेला आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले. मग आपल्या मुलांनी तो दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावा? मोर्चा काढून फलक बदलता येईल, पण पुरावा मांडायला अभ्यासकच लागतो.

म्हणून आमचे सांगणे असे, की पदवीचे नाव पाहू नका, तिच्यात काय शिकवतात ते पाहा. लेण्यांची आवड असेल तर इतिहासाच्या जोडीला पाली घ्या. पुणे, मुंबई आणि नागपूर विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. नागपूरला प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्वाचा वेगळा विभाग आहे. उत्खननाची ओढ असेल तर पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. करता येते. उलट ज्याला पेशवाईतील अस्पृश्यांची स्थिती मूळ कागदांतून शोधायची आहे, त्याला ब्राह्मी नव्हे, मोडी लागेल. त्याने पुण्याचे पुराभिलेखागार गाठावे.

अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन सरळ विचारा: इथे लिपी कोण शिकवते? विद्यार्थ्यांना लेण्यांवर, उत्खननावर नेता का? माझ्या विषयाचा मार्गदर्शक आहे का? या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे का? विचारायला लाजू नका. विद्यापीठ कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरीही १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम.ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला आणि पुढे पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यांना जो दरवाजा बंद होता, तो आज आपल्याला उघडा आहे. पालीच्या वर्गातील बाके आपणच रिकामी ठेवायची का? समाजातील प्रत्येक आईबापाने याचा विचार करावा. डॉक्टर, इंजिनिअर घडवा, पण वस्तीतून एक तरी शिलालेख वाचणारा घडवा!