समोरचं विमान कुणी उडवायचं?



आपल्या या आठवणींच्या कट्ट्यावर दांडिया बाजारातले वाडे येऊन गेले, सुरसागराच्या काठच्या संध्याकाळी आल्या, कुणाच्या आजीचं पुरणाचं पातेलंसुद्धा आलं. वाचून बरं वाटतं. आज मी लिहितोय त्यात आठवण कमी आणि भांडण जास्त आहे. भांडण माझ्याच मित्रमंडळाशी आहे, आणि ज्या नियमावरून भांडतोय तो नियम मीच केलेला आहे. थोडं लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

कारेलीबागेत वाढलेल्या पोराला विमानांचं वेड लागलं नाही तरच नवल. आम्ही 1974 साली दांडिया बाजारातून इकडे राहायला आलो तेव्हा मुक्तानंदच्या पुढे मोकळी शेतंच होती आणि हरणीचं विमानतळ हाकेवर. गच्चीत आईच्या कुरडया वाळत असायच्या आणि डोक्यावरून हवाई दलाचं मालवाहू विमान घरघरत जायचं. पुढेपुढे न बघता आवाजावरून सांगता यायला लागलं, हे अ‍ॅव्रो, हे अँटोनोव्ह. आता तर ऑक्टोबर 2024 पासून आपल्याच बडोद्यात सी-295 चा कारखाना आहे. हवाई दलाच्या 56 विमानांपैकी 40 इथे बांधायची आहेत. सांगायचा मुद्दा, हे वेड आमच्या हवेतच आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये या वेडाला वाट मिळाली. भाच्याने मला संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर लावून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा मोबाइलवरचा धूमधडाका नव्हे. इंजिन सुरू करायलाच पाच मिनिटं जातात, एक बटण विसरलात तर धावपट्टीवरच बसून राहाल. हळूहळू आम्ही अकरा जण जमलो. दोघे बँकेतून निवृत्त, एक इंजिनीअर, एक दाताचे डॉक्टर, पुण्याचा भाचा, टोरांटोची माझी मुलगी, बाकी कॉलेजची पोरं. शनिवारी रात्री साडेनऊला, जेवणं आटोपली की कानाला हेडफोन लावून बसायचं. दोन बाजू करायच्या आणि लढाई खेळायची. निळी बाजू आपली, लाल बाजू समोरची.

आता विमान निवडायचं कुणी? पहिल्या महिन्यातच यावरून वाद झाले, म्हणून मी दोन नियम लिहून काढले. एक, वयाने मोठ्या माणसाने विमान आधी निवडायचं. दोन, नवीन येईल त्याने पहिले तीन शनिवार समोरच्या बाजूने उडायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या घरात पहिली पोळी आजोबांच्या पानात पडते, त्यातलंच हे, असं मला वाटलं.

आमची आवडती मोहीम 1971 ची. आपल्याकडून मिग-21, समोरून पाकिस्तानी सेबर. (जाणकारांनी लगेच तुटून पडू नये. तेव्हा आपल्याकडे मिग-21 एफएल होतं आणि आमच्या संगणकात मिळतं ते नंतरचं बिस, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावरही दोन शनिवार भांडून झालंय.) मिग आवाजाच्या दुप्पट वेगाने जातं, सेबर आवाजाच्या वेगाच्या आतलं. मिगवाल्याला नको असेल तेव्हा तो सरळ निघून जातो, सेबरवाला बघत राहतो. सेबरचं बळ एकच, कमी वेगात ते छान वळतं आणि पुढे सहा मशिनगन आहेत. म्हणजे ज्याच्या वाट्याला सेबर आलं त्याने बहुतेक वेळा मरायचं, आणि जगायचं असेल तर डोकं चालवायचं.

2022 मध्ये भाच्याच्या ओळखीने एक मुलगा आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला गावात. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचं तुम्ही आधीच ठरवून टाकाल, आणि नेमकं तेच आमचं झालं. मुलगा मुसलमान आहे. बोलायला गोड, "काका, लँडिंगला फ्लॅप किती ठेवू?" असं अदबीने विचारणारा. नियमाप्रमाणे पहिले तीन शनिवार त्याने सेबर घेतलं. चौथ्या शनिवारी मिग संपलेली होती, कारण मोठ्यांनी आधी निवडली. पाचव्यालाही तेच. त्याच्यानंतर तीन नवी पोरं आली, तीन-तीन शनिवार करून आपल्या बाजूला आली. हा चौदा महिने सेबरमध्येच. कुणी ठरवलं नव्हतं. कुणी बोललंही नव्हतं. तक्ता मी भरायचो आणि त्याच्या नावापुढे सेबर हा शब्द माझा हात आपोआप लिहायचा.

मग एका शनिवारी त्याने पहिल्यांदा विचारलं, "काका, आज मिग मिळेल का?" तर हेडफोनमध्ये आमच्यातला एक जण म्हणाला, "तुझं विमान तर ठरलेलंच आहे की रे!" सगळे हसले. मीही हसलो. तो म्हणाला, "हो काका, माझं सेबरच." त्या रात्री त्याने आमची चार मिग पाडली. मिगला खाली ओढायचं, वळायला लावायचं, वेग घालवायला लावायचा आणि मग मागे जाऊन बसायचं. इतकं सुंदर उडताना मी आमच्यात कुणाला पाहिलेलं नाही. त्यानंतर तो आला नाही. पुढे अमितनगर सर्कलला भेटला, स्कूटर थांबवून पाया पडला, म्हणाला, "सबमिशन चालू आहेत काका." तक्रारीचा एक शब्द नाही. तक्रार केली असती तर मला झोप लागली असती.

मी मंडळात म्हटलं, नियम बदलू या. त्यावर जी उत्तरं आली, ती एकेक घेतो.

पहिलं उत्तर, "खेळ आहे, इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" बरं. खेळच आहे ना? मग पुढचे चौदा महिने तुम्ही सेबर घ्या. हे म्हटल्यावर शांतता.

दुसरं उत्तर, "शत्रूचं विमान आम्ही का उडवायचं? मनाला पटत नाही." हे ऐकून मात्र मला हसावं की रडावं कळेना. कारण दुसऱ्या महायुद्धाची मोहीम लावली की याच लोकांची जर्मन मेसरश्मिटसाठी झुंबड उडते! एकाच्या संगणकावर पडद्यालाच काळा क्रॉस आहे. आणि समोर कोण असतं? स्पिटफायर. मंडळी, त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या 124 व्या स्क्वाड्रनचं नाव "बडोदा स्क्वाड्रन" होतं, आपल्या संस्थानाच्या देणगीवरून. प्रतापसिंहराव महाराजांचा काळ. ती स्क्वाड्रन स्पिटफायर उडवायची. म्हणजे बडोद्याच्या पैशाने ज्या जर्मनांशी लढाई झाली, त्यांच्या विमानात बडोद्याचे काका हौसेने बसतात आणि "काय इंजीनिअरिंग आहे!" म्हणतात. तिथे मनाला पटतं. म्हणजे अडचण शत्रूच्या विमानाची नाही. ते विमान कुणाला चिकटवायचं, याची आहे.

तिसरं उत्तर, "ज्येष्ठतेचा मान." मान घरात ठेवा, तिथे तो शोभतो. लढाईचं शिक्षण जिथे खरोखर होतं तिथे काय करतात ते बघा. अमेरिकन नौदलाने 1969 मध्ये टॉपगन ही शाळा काढली. तिथे मिगचं सोंग घ्यायला छोटी, चपळ स्कायहॉक विमानं वापरली, आणि त्यात बसायचे स्वतः गुरुजी. सगळ्यात तरबेज माणसाने शत्रू व्हायचं, कारण शत्रू कच्चा असला तर शिकणारा कच्चाच राहतो. आम्ही उलटं केलं. नवशिक्याला शत्रू केलं, त्याला पाडलं, आणि स्वतःच्या पाठी थोपटल्या.

चौथं उत्तर सगळ्यात जड आहे, "आपल्या हुतात्म्यांचा अपमान होतो." याला मी उडवून लावणार नाही. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर सहा सेबर आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों आपलं इवलंसं नॅट घेऊन हल्ला चालू असतानाच वर गेले आणि परत आले नाहीत. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. पण मला सांगा, सेबर म्हणजे काय चीज होती हे ज्याला माहीत नाही, त्याला सेखोंनी काय केलं हे कसं कळणार? मी सेबरमध्ये बसलो तेव्हा कळलं, की समोरून एकटं विमान सहांवर येतंय हे दिसल्यावर सेबरवाल्यालाही काय वाटलं असेल.

आणि खुद्द लढणाऱ्यांचं बघा. 22 नोव्हेंबर 1971 ला बोयऱ्याच्या लढाईत आपल्या नॅटनी सेबर पाडली. त्यातला एक पाकिस्तानी वैमानिक, परवेझ मेहदी कुरेशी, आपल्याकडे युद्धकैदी झाला आणि पुढे 1997 मध्ये त्यांच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. त्या लढाईतले आपले लाझारस यांनी त्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि त्याचं उत्तर आलं. ज्यांनी एकमेकांवर खऱ्या गोळ्या झाडल्या त्यांना हे जमलं. आपल्याला कारेलीबागेत खुर्चीत बसून जमत नाही.

आता माझी एक जुनी आठवण, कारण कट्टा आठवणींचा आहे. 1965 ला मी आठ वर्षांचा होतो. खिडक्यांना काळा कागद, रात्री दिवे बंद, भोंगा वाजला की आम्ही भावंडं जिन्याखाली. 19 सप्टेंबरला कच्छमध्ये सुथरीजवळ मुख्यमंत्री बळवंतराय मेहतांचं विमान पाडलं गेलं. त्यांच्यासह आठ जण गेले. नागरी विमान होतं ते. पाडणारं विमान सेबर होतं. बाबा रेडिओजवळ उभे होते आणि आजी रडत होती, एवढं मला अजून दिसतं. त्या सेबरमध्ये कैस हुसेन नावाचा तरुण वैमानिक होता. 2011 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी, त्याने बळवंतरायांच्या विमानाच्या वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून दुःख कळवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वरून आदेश आला आणि त्याने तो पाळला. आणि त्या मुलीने मोठ्या मनाने उत्तर दिलं. वडील गमावलेल्या बाईने.

सेबरबद्दल राग असण्याचा हक्क आमच्या पिढीला आहे, माझ्यासकट. पण तो राग 2003 साली बडोद्यात जन्मलेल्या मुलाच्या नावावर कुणी लिहिला? त्याचे पणजोबा इथलेच. आमचेही इथलेच. सेबर त्याचं नव्हतं. ते त्याला आम्ही दिलं.

म्हणून माझे नवे नियम असे. विमानं चिठ्ठ्या टाकून वाटायची. सलग दोन शनिवार कुणीही एकाच बाजूला बसायचं नाही. जो मोहीम रचेल त्याने पहिल्या दिवशी समोरच्या बाजूने उडायचं. आणि "तुझं विमान", "तुमची बाजू" हे शब्द हेडफोनमध्ये बंद.

मतदान झालं. सहा बाजूने, तीन विरुद्ध, एक गप्प. विरुद्धच्यांपैकी एका जुन्या मित्राने मंडळ सोडलं. पन्नास वर्षांची दोस्ती आहे, वाईट वाटतंय. पण नियम मागे घेणार नाही.

तुम्ही म्हणाल, अकरा जणांच्या खेळाचं एवढं पुराण कशाला? कारण असे न लिहिलेले तक्ते आपल्या सगळ्यांकडे आहेत. गरब्याला कुणाला बोलवायचं, सोसायटीतला फ्लॅट कुणाला दाखवायचा. कुणी ठरवत नाही, कुणी बोलत नाही, हात आपोआप लिहितो. विमानाचं निमित्त म्हणून मला माझा हात दिसला.

परवा त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. मी माफी मागितली, तो फार संकोचला. येईन म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. शनिवारी चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. मोहीम मी रचली आहे, त्यामुळे माझ्या चिठ्ठीची गरज नाही. मी सेबरमध्ये असेन.