सही कोणाची?

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय निघाला, तेव्हा आमच्याच मंडळींनी नाकं मुरडली. वर्तमानपत्रात तेच, व्हॉट्सॲपवर तेच. दिवाळीत तरी सुटका करा, असा सूर होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. म्हणून यंत्राचं कौतुक आणि यंत्राची भीती दोन्ही बाजूला ठेवली आणि लेखकांना एकच विचारलं : यंत्राने सुचवलेल्या निर्णयाखाली जे सही करणार आहेत, ते सचिव, आयुक्त, कुलगुरू, बँकेचे अध्यक्ष, त्यांची तयारी कोण करून घेतंय?

तयारी म्हणून सध्या जे चालतं, ते बहुतेक एखाद-दुसऱ्या दिवसाचं शिबिर असतं. पडद्यावर चॅटजीपीटी, त्याच्याकडून पत्राचा मसुदा, टाळ्या, प्रमाणपत्र, जेवण. मसुदा लिहून घ्यायला कोणीही तासाभरात शिकतो. आमच्या मते अशा शिबिराचा पहिला तास ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ योजनेला द्यायला हवा.

तिथे बेरोजगार, विद्यार्थी, आजारी अशांना सरकारकडून भत्ता मिळतो. त्याचा हिशेब पंधरवड्याचा. ज्या पंधरवड्यात कमाई झाली, त्यात भत्ता कमी. कोणी जास्त उचल केली का, हे पूर्वी कर्मचारी तपासत. मालकाकडे चौकशी करत, पगाराच्या पावत्या पाहत. २०१५ मध्ये सरकारने हे काम संगणकावर टाकायचं ठरवलं. कर खात्याकडून माणसाची वर्षाची कमाई घ्यायची, तिला २६ ने भागायचं आणि येईल तो आकडा दर पंधरवड्याची कमाई म्हणून धरायचा. समजा, एका मुलीने सहा महिने नोकरी केली आणि ती गेल्यावर सहा महिने भत्ता घेतला. भागाकाराने ती वर्षभर कमावती ठरते आणि हक्काचा भत्ता तिच्या अंगावरचं कर्ज होतो. घरी नोटीस येते. कर्ज नाही हे सिद्ध करायचं तिनेच, तेही काही वर्षांपूर्वीच्या पावत्या शोधून.

या योजनेत कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणावी असं काही नव्हतंच. शाळकरी भागाकार होता, आणि तो बरोबर येत होता! चुकली ती माणसं. योजना सुरू होण्याआधीच, २०१४ मध्ये, सरकारी वकिलांनी हे कायद्यात बसत नाही असं लेखी कळवलं होतं. पुढे न्यायाधिकरणाने एकेका तक्रारदाराच्या बाजूने निकाल दिले. भत्ता देणारं खातं अपिलातही गेलं नाही आणि थांबलंही नाही. अखेर २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला माघार घ्यावी लागली. तोवर सुमारे ४ लाख ३३ हजार लोकांकडे किमान १७६ कोटी डॉलरची बेकायदा मागणी करून झाली होती. कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाने २०२३ मध्ये अहवाल दिला. नोटिशी आलेल्या काही तरुणांनी जीव दिला होता. त्यांच्या आया आयोगापुढे साक्षीला उभ्या राहिल्या. वरिष्ठांच्या साक्षींमधून पुन्हा पुन्हा जाणवतं ते हे की, विचारायला हवं होतं ते प्रत्येकाने दुसऱ्या कोणीतरी विचारलं असेल असं धरून घेतलं.

नेदरलँड्समध्ये खरोखरच शिकणारं यंत्र होतं. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक कोण करील याचा ते अंदाज बांधायचं, आणि अर्जदार डच नागरिक नसणं हा त्यातला एक निकष होता. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. यावरून जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट्टे यांच्या सरकारने राजीनामा दिला.

आपल्याकडे याची रंगीत तालीम सातबाऱ्यावर होऊन गेली आहे. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना कुणाचं नाव गळलं, कुणाचं क्षेत्र घटलं, आणि जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५५ गावोगाव तोंडपाठ झालं. मनस्ताप झाला, पण वाट होती. चुकलेली ओळ डोळ्यांना दिसत होती आणि ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे ठरलेलं होतं. यंत्राने अर्जाला दिलेल्या गुणांत चुकलेली ओळ दिसत नाही. खिडकीवरचा माणूस ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो, आणि खरं सांगायचं तर त्यालाही त्यापलीकडे माहीत नसतं.

म्हणजे वापरूच नये का? तसं नाही. बारामतीत उसावर झालेला प्रयोग पाहा. उपग्रहाची चित्रं, हवामान, मातीतला ओलावा यांवरून पाणी कधी द्यायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. सल्ला पटला नाही, तर तो बांधावर जाऊन ढेकूळ हातात घेतो आणि स्वतःचं ठरवतो. नुकसान त्याचं, म्हणून नजरही त्याची. खुर्चीवरच्या माणसाची चूक दुसराच भोगतो; तिथे ही नजर आपोआप येत नाही, नियमाने आणावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी असे नियम केले : निष्कर्ष आणि निकाल यंत्राकडून घ्यायचा नाही, मान्यता दिलेलीच साधनं वापरायची आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवायची. महाराष्ट्राने त्याच वर्षी शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचं धोरण मंजूर केलं. त्यातल्या साधनांसोबत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा आणि तक्रार किती दिवसांत निकाली काढायची, हेही लिहिलं जावं, एवढीच आमची मागणी.

आमच्यापुरता नियम सांगतो. या अंकातल्या लेखकाने यंत्राची मदत घेतली असेल, तर लेखाखाली तशी नोंद आहे. तपशील चुकला, तर जबाबदारी संपादकाची, यंत्राची नाही.

तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे सभासद असाल, शाळेच्या पालक संघात किंवा गावच्या ग्रामसभेत बसत असाल, तर पुढच्या सभेला दोन गोष्टी विचारा : इथला कोणता निर्णय यंत्राच्या सांगण्यावरून होतो, आणि ज्याला नकार मिळाला त्याने कोणाला भेटायचं. उत्तरादाखल एखादं नाव घेतलं गेलं, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.