आंतरराष्ट्रीय विक्रीतील दोषसूचना

दोषसूचना म्हणजे मिळालेला माल कराराप्रमाणे नसल्याचे खरेदीदाराने विक्रेत्याला वेळेत कळविणे. नाशवंत मालाच्या व्यापारात या कर्तव्याला विशेष महत्त्व आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांतून निर्यात होणारी भेंडी हे त्याचे एक उदाहरण होय.

आंतरराष्ट्रीय तरतूद

आंतरराष्ट्रीय माल विक्रीविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार व्हिएन्ना येथे १९८० साली संमत झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. कलम ३८ नुसार खरेदीदाराला माल शक्य तितक्या लवकर तपासावा लागतो. वाहतुकीत असलेल्या मालाची तपासणी तो मुक्कामी पोहोचेपर्यंत पुढे ढकलता येते. दोषाचे स्वरूप नमूद करून वाजवी मुदतीत सूचना न दिल्यास कलम ३९ नुसार त्या दोषाबाबतचा हक्क संपतो. या मुदतीची कमाल मर्यादा सामान्यतः दोन वर्षे आहे. विक्रेत्याने ठाऊक असलेला दोष लपविला असल्यास कलम ४० नुसार त्याला हे संरक्षण मिळत नाही.

भारतातील स्थिती

भारत या कराराचा सदस्य नाही. तथापि, व्यवहाराला जर्मनीसारख्या सदस्य देशाचा कायदा लागू होत असल्यास हा करार भारतीय निर्यातदारालाही लागू होऊ शकतो. भारतीय माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ नुसार वाजवी मुदतीत नकार न कळविता ठेवून घेतलेला माल स्वीकारला असे मानले जाते. त्यानंतर माल नाकारता येत नाही. नुकसानभरपाई मात्र मागता येते. म्हणजेच भारतीय कायद्यात विलंबाचा परिणाम तुलनेने सौम्य आहे.

उत्पादकावरील परिणाम

परदेशी करारातील विक्रेता निर्यातदार असतो. शेतकऱ्याचा व्यवहार निर्यातदाराशी होतो. तक्रार उशिरा आल्यास भेंडी शेतात, विमानात की खरेदीदाराच्या गोदामात खराब झाली, हे ठरविणे जवळजवळ अशक्य होते, कारण पुरावाच सडून गेलेला असतो. शेतकऱ्याचा हिशेब परदेशातील विक्रीनंतर होणार असेल, तर ही तूट त्याच्या माथी येण्याचा धोका राहतो. व्हिएन्ना करारातील मुदतीचे संरक्षण त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी तासांत मोजलेली मुदत, छायाचित्रे व त्रयस्थ तपासणी यांच्या अटी दोन्ही करारांत लेखी असाव्या लागतात.

सीमेवर होणारी कीडतपासणी याहून वेगळी आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात थांबविली, तो शासकीय निर्णय होता. खरेदीदाराची दोषसूचना नव्हती.