पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

जून महिना लागला की आमच्या शाळेच्या कार्यालयासमोरील व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. मुलाला वसतिगृहात ठेवण्यासाठी आलेल्या जवळजवळ प्रत्येक आईजवळ दोन वस्तू असतात. एक मुलाची पत्र्याची पेटी आणि दुसरी प्लॅस्टिकची पिशवी. पेटीत मुलाचे कपडे असतात. पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्डे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि कित्येकींच्या बाबतीत पतीच्या मृत्यूचा दाखला असतो. पेटी हरवली तर दुसरी घेता येते. पिशवी भिजली तर घर वर्षभर मागे पडते, हे त्या माउल्या पुरते जाणून असतात.

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत यशाच्या कथा यावयास हव्यात आणि त्या येतीलच. आम्ही मात्र या पिशवीविषयी लिहिणार आहोत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एका सहावीच्या विद्यार्थ्याचे वडील वारले. त्याच्या दोन धाकट्या बहिणी गावी आजीजवळ राहत होत्या. आई दुसऱ्यांच्या शेतात तीनशे रुपये रोजाने जात होती. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले असून 2023 साली तिची मासिक रक्कम प्रत्येक बालकामागे 1100 रुपयांवरून 2250 रुपये करण्यात आली. मूल संस्थेत न पाठवता घरीच, आपल्या माणसांत वाढावे, हा तिचा हेतू आहे. आम्ही त्या माउलीला मुलींसाठी अर्ज करण्याचा सल्ला दिला. सल्ला देणे सोपे असते.

पुढे काय घडले, ते तिने आम्हांला बोटांवर मोजून सांगितले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेली, त्या दिवशी तलाठी दुसऱ्या सजाला गेलेले. दुसऱ्या दिवशी भेटले. तिसऱ्या खेपेस सेवा केंद्रात सर्व्हर बंद, चौथ्या खेपेस अर्ज भरला गेला. मग मृत्यूच्या दाखल्यावरील पतीचे नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक निघाला. तो दुरुस्त करण्यात दोन दिवस गेले. सातवा दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज देण्यात आणि आठवा दोन्ही मुलींना घेऊन बाल कल्याण समितीपुढे उभे राहण्यात गेला. आठ खाडे. तीनशे रुपये रोजाप्रमाणे 2400 रुपये. एका मुलीच्या एका महिन्याच्या अनुदानाहून अधिक रक्कम ते अनुदान मागण्यातच गेली. एस.टी.चे भाडे आणि झेरॉक्सचा खर्च आम्ही यात धरलेला नाही.

ती रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “सर, माझा मालक वारला हे गावाला माहीत हाय, ग्रामपंचायतीच्या वहीत लिव्हलंय. मग सरकारला अजून कोणी सांगायचं?”

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही अनेक ग्रंथ चाळले, परंतु कल्याणकारी राज्याविषयी इतका नेमका प्रश्न आमच्या वाचनात आला नाही. तिच्या पिशवीतील प्रत्येक कागद शासनाच्याच एखाद्या कार्यालयाने दिलेला होता. शासनाने शासनालाच जे सांगावयाचे, ते सांगण्यासाठी मधल्या सगळ्या वाटा एका मजूर बाईने पायी तुडवल्या होत्या.

लाभ म्हणजे दान नव्हे, हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी शासनाने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना त्यांनी अनुसूचित जातींची गाऱ्हाणी सरकारपुढे निवेदनाद्वारे मांडली, आणि 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात झाली. आज या स्मरणिकेचे वाचक असलेले आमचे कितीतरी माजी विद्यार्थी त्याच शिष्यवृत्तीवर पदवीधर झाले. आई आणि मूल यांचा सांभाळ हा राष्ट्राच्या हिशेबातला खर्च आहे, असे जर आपण मानतो, तर तो मिळवण्याचा खर्च गरिबाच्या माथी का?

याहून गंभीर गोष्ट खोटेपणाची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वार्षिक 21,000 रुपये ठेवलेली आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तीनशे रुपये रोजाने जाणारी विधवा वर्षातील सत्तर दिवस कामावर गेली की ती मर्यादा पूर्ण होते. एकाहत्तराव्या दिवशी ती शासनाच्या लेखी निराधार राहत नाही. सत्तर दिवसांच्या मजुरीवर वर्ष कोणाचेच निघत नाही. मग कार्यालयाबाहेरचा कोणीतरी तिला सांगतो, “वीस हजार लिही.” आमची मुले रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी पंचशील ग्रहण करतात, त्यातील चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. मुलगा विहारात जे शील घेतो, ते मोडल्याशिवाय त्याच्या आईला मदत मिळू नये, अशी व्यवस्था आपण चालवून घेत आहोत. प्रामाणिक बाई अपात्र ठरते आणि लिहून देणारी पात्र होते, याची लाज तिला नव्हे, आपणां सर्वांना वाटावयास हवी.

यावर उत्तर दिले जाते की, पुरावे मागितले नाहीत तर अपात्र लोक घुसतील. हा आक्षेप पोकळ नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचेच उदाहरण घ्या. 2024 च्या जुलैमध्ये शासनाने त्या योजनेच्या अटी काही दिवसांत सैल केल्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असे ठरले. अधिवास प्रमाणपत्राऐवजी जुनी शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालू लागला. अंगणवाडीच्या ताईंनी गावातच अर्ज भरून घेतले. पुढे काही अपात्र व्यक्तींनी, त्यांत शासकीय कर्मचाऱ्यांनीही, लाभ घेतल्याचे उघड झाले, हे खरे आहे.

परंतु ते उघड कसे झाले? शासनाने आपल्याच कर्मचाऱ्यांच्या नोंदी लाभार्थींच्या यादीशी ताडून पाहिल्या. “मी सरकारी नोकर नाही” असा दाखला आणण्यासाठी कोणा शेतमजूर बाईला तहसीलला जावे लागले नाही. तपासणी झालीच पाहिजे; ती ज्याच्याजवळ नोंदी आहेत, त्याने करावी. इतकेच आमचे म्हणणे आहे. शिवाय जी शिधापत्रिका एका योजनेसाठी गरिबीचा पुरेसा पुरावा ठरते, तीच शिधापत्रिका पितृछत्र हरपलेल्या बालकाच्या योजनेसाठी अपुरी का ठरावी, याचे उत्तर आम्हांला सापडत नाही. शासनाच्या मनात आले तर एका निर्णयाने वाट मोकळी होते. जात, उत्पन्न आदी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रावरील पाचशे रुपयांचे मुद्रांक शुल्क माफ करण्याचा निर्णय 2025 मध्ये असाच झाला.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, तेव्हाच ग्रामसेवकाने मागे राहिलेली पत्नी व अल्पवयीन मुले यांची नावे विचारून निराधार आणि बालसंगोपन या दोन्ही योजनांचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. शिधापत्रिका सर्व बालककल्याण योजनांसाठी उत्पन्नाचा पुरावा मानावी. नावातील काना-वेलांटीच्या फरकासाठी अर्ज परत न करता त्याच कार्यालयाने तो दुरुस्त करावा. बाल कल्याण समितीने महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी बसावे, म्हणजे लेकरांना घेऊन जिल्ह्याला जाणे टळेल. उत्पन्नमर्यादा मजुरीच्या दराशी जोडावी. आणि अर्ज नाकारावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे. “उद्या या” हे उत्तर नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये अधिसूचित सेवांसाठी मुदत, अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड यांची तरतूद आहे. पोच मागणाऱ्या माणसाला हा कायदा उपयोगी पडतो. पोच न घेता परतणाऱ्याला तो असून नसल्यासारखा आहे.

इतरांकडे बोट दाखवताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच माउलीकडून आमच्या कार्यालयाने गेल्या वर्षी उत्पन्नाचा नवा दाखला मागितला. ती एक दिवस मोडून तो घेऊन आली. नंतर फाईल लावताना आमच्या लक्षात आले की तिचा तीन वर्षांसाठीचा दाखला आमच्याच कपाटात होता आणि त्याची मुदत संपलेली नव्हती. नववा खाडा आम्ही घडवला होता. त्या दिवसापासून, कपाट पाहिल्याशिवाय पालकाकडे कागद मागावयाचा नाही, असा नियम आम्ही केला आहे. नियम फार उशिरा झाला, पण झाला.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तहसीलमध्ये अव्वल कारकून आहे, कोणी बँकेत आहे, कोणी वकिली करतो, कोणी ग्रामसेवक आहे. त्यांना आमची विनंती आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसावे. पिशव्या उघडाव्यात, अर्ज भरून द्यावेत, अपिले लिहून द्यावीत. देणगीची पावती फाडण्याइतकेच हे मोलाचे आहे. आणि उरलेले वर्षभर आपापल्या कार्यालयात खिडकीपलीकडे अशी पिशवी घेऊन कोणी बाई उभी राहिली, तर “अमुक कागद आणा” असे म्हणण्यापूर्वी तो आपल्याच कपाटात आहे का, ते एकदा पाहावे. त्या खिडकीबाहेर कधीकाळी आपलीही आई उभी होती.